लग्न-हळदीच्या डीजेची लायब्ररी: फोल्डर, टॅग, ग्रिड आणि पेनड्राइव्ह

लग्न, हळद आणि मिरवणुका वाजवणाऱ्या डीजेंच्या लॅपटॉपवर बहुधा एकच दृश्य असतं. ‘न्यू साँग्ज’ नावाचा फोल्डर, त्याच्या शेजारी ‘न्यू साँग्ज २’, मग ‘हळदी फायनल’, ‘हळदी फायनल लेटेस्ट’, आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून जशीच्या तशी उतरवून घेतलेली चाळीस जीबी गाणी. एकच गाणं पाच ठिकाणी पाच नावांनी. ऐन कार्यक्रमात फर्माईश आली की पाचही समोर येतात. कुठलं स्वच्छ वाजतं, कुठल्याच्या मध्यात दुसऱ्याच डीजेचं नाव ओरडलं जातं, हे आठवणीवर ठरवावं लागतं.

हे लावायला घेण्याआधी एक नियम पक्का करा. फाइल एकदा जागेवर ठेवली की ती हलणार नाही आणि तिचं नाव बदलणार नाही. गाणं कसलं आहे, कुठे वाजतं, किती चालतं, ही सगळी माहिती टॅगमध्ये आणि प्लेलिस्टमध्ये राहील, फोल्डरच्या नावात नाही. याचं कारण तांत्रिक आहे. रेकॉर्डबॉक्स हे डीजे सॉफ्टवेअर क्यू (गाण्यात लावलेल्या जागांच्या खुणा), ग्रिड (ठोक्यांवर आखलेल्या रेघा) आणि प्लेलिस्ट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं आणि फाइलला तिच्या पूर्ण पत्त्यावरून ओळखतं. तुम्ही फाइल ‘हळदी’मधून ‘वरात’मध्ये ओढली की पत्ता बदलतो, गाण्याशेजारी उद्गारचिन्ह येतं आणि ते लोड होत नाही. सेराटो हे दुसरं सॉफ्टवेअर क्यू आणि ग्रिड फाइलच्या आतच लिहितं, त्यामुळे तिथे ते टिकतात, पण क्रेटमधलं (त्याच्या प्लेलिस्टमधलं) गाणं तिथेही हरवलेलंच दिसतं.

म्हणून फोल्डर फक्त आवक-तारखेनुसार करा: वर्षाचा एक, त्याच्या आत महिन्यांचे बारा. जूनमध्ये आलेली कोळीगीतं, भांगडा आणि मंगलाष्टकं सगळी जूनच्याच फोल्डरमध्ये. विचित्र वाटतं, पण यात ‘हे गाणं कुठल्या फोल्डरमध्ये टाकू’ हा प्रश्नच राहत नाही. एक गाणं हळदीलाही चालतं आणि वरातीलाही, तर ते दोन प्लेलिस्टमध्ये असेल, फाइल एकच.

गाणी बाहेरच्या एसएसडीवर असतील तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या ड्राइव्हला पुढचं, सहसा मोकळं असणारं एखादं अक्षर कायमचं द्या, उदाहरणार्थ एम. नाहीतर एखाद्या दिवशी आधी दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असतो, एसएसडीचं अक्षर ई ऐवजी एफ होतं आणि हजारो गाणी एका दमात हरवलेली दिसतात. तसं झालंच तर घाबरून पुन्हा इम्पोर्ट करू नका, तसं केलं की प्रत्येक गाण्याची क्यू नसलेली दुसरी नोंद तयार होते. अक्षर पूर्वीचं करा. फाइल खरंच हलल्या असतील तर रेकॉर्डबॉक्सच्या फाइल मेनूतून हरवलेल्या फाइलींची यादी उघडा आणि रिलोकेट करा.

आत घेण्याआधी ऐका आणि बघा

व्हिडिओच्या साइटवरून उतरवलेल्या गाण्यांचा आवाज साधारण १२८ ते १६० केबीपीएसचा (सेकंदाला किती किलोबिट; जास्त तितकं चांगलं) असतो. उतरवणाऱ्या साइटवर ‘३२० केबीपीएस’ असं बटण असतं, पण ती साइट तोच आवाज पुन्हा एकदा एमपीथ्रीत दाबते आणि फाइल मोठी करते. गेलेले वरचे स्वर परत येत नाहीत, उलट दुसऱ्यांदा दाबल्याने थोडं आणखी जातं. हेडफोनवर हे पटकन कळत नाही. चार टॉप (वरचे स्पीकर) लावलेल्या सिस्टिमवर मात्र टाळ, झांज आणि हायहॅट पाण्याखाली वाजल्यासारखे सळसळतात.

तपासायला स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात फाइल टाकली की आवाजाचं चित्र दिसतं. खरी ३२० ची एमपीथ्री साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत भरलेली असते. १६ किलोहर्ट्झवर कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ असेल, तर ती मुळात १२८ ची आहे असं समजा. अपवाद जुन्या ध्वनिमुद्रणांचा. १९५०-६० च्या गाण्यांत वरचे स्वर मुळातच कमी असतात, तिथे फक्त चित्रावरून निकाल देऊ नका.

विकत घेताना शक्य तिथे एआयएफएफ किंवा ३२० एमपीथ्री घ्या. डब्ल्यूएव्हीचा आवाज एआयएफएफइतकाच चांगला, पण त्यातले टॅग सगळी सॉफ्टवेअर सारखी वाचत नाहीत. गाण्याचं नाव, चित्र, शेरा, सगळं एका जागी दिसतं आणि दुसरीकडे कोरं. एफएलएसी लॅपटॉपवर उत्तम, पण सीडीजे-२००० नेक्सस आणि पहिल्या एक्सडीजे-१००० या पायोनियरच्या प्लेअरवर ते चालत नाही. भाड्याच्या सेटअपवर कुठलं मशिन येईल याची खात्री नसेल, तर एफएलएसी पेनड्राइव्हवर घेऊच नका. पडद्यावर ‘ई-८३०५’ दिसलं तर त्याचा अर्थ हाच: हा फॉरमॅट या मशिनला वाचता येत नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे. ३२० एमपीथ्रीला मिनिटाला २.४ एमबी लागतात, एआयएफएफला साधारण १०.५. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी धरलं तर ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर पाच हजार गाणी बसतात. लग्नाला त्याहून जास्त लागत नाहीत.

नाव आणि टॅग: इथे वेळ घालवा

मराठी-हिंदी गाण्यांची खरी अडचण स्पेलिंगची आहे. देवनागरी नावं प्रत्येक प्लेअरच्या पडद्यावर नीट दिसतीलच असं नाही, म्हणून नाव रोमन लिपीत ठेवावं लागतं. आणि रोमनमध्ये एकच शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहितात. म्हणून स्वतःचे नियम करा आणि एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा. ‘व’ला कायम व्ही, डब्ल्यू कधीच नाही. ‘आ’ला एकच ए. दीर्घ ‘ई’ला एकच आय, दीर्घ ‘ऊ’ला एकच यू. ‘ळ’ला एल. ‘श’ आणि ‘ष’ दोन्हींना एसएच. नियम कुठले हे महत्त्वाचं नाही. ते बदलू नयेत, आणि तुमच्या लॅपटॉपवर बसणाऱ्या मदतनीसालाही ते माहीत असावेत, एवढं पुरे.

कोणत्या रकान्यात काय लिहायचं हेही आधी ठरवा. परदेशी ट्रॅकमध्ये कलाकार आणि शीर्षक एवढ्यावर काम भागतं. आपल्याकडे लोक गाणं मागतात ते सिनेमाच्या नावाने, नटीच्या नावाने, नाहीतर धृपदातल्या दोन शब्दांनी. अधिकृत शीर्षक फार थोड्यांच्या तोंडी असतं. माझ्या मते चालणारी मांडणी अशी: टायटलमध्ये गाण्याचं नाव आणि आवृत्ती, आर्टिस्टमध्ये गायक, अल्बममध्ये सिनेमा किंवा मूळ अल्बम, कंपोझरमध्ये संगीतकार, वर्षाच्या रकान्यात मूळ गाण्याचं वर्ष. रीमिक्स आत्ताचा असला तरी वर्ष मूळ गाण्याचंच टाका. ‘नव्वदीची लावा’ म्हटलं की १९९० ते १९९९ अशी छाननी एका क्षणात होते. शेऱ्याच्या रकान्यात लोक गाणं ज्या शब्दांनी मागतात ते शब्द: धृपदाचे दोन-तीन शब्द, पडद्यावर नाचणाऱ्या कलाकाराचं नाव, ट्रेंडमधल्या रीलची खूण. सर्च हा रकानाही वाचतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा होतो.

आवृत्ती टायटलमध्येच, कंसात, ठरलेल्या शब्दांत: मूळ, डीजे एडिट, हलगी मिक्स, नाशिक ढोल मिक्स, टपोरी मिक्स, वाद्यवृंद. ज्या आवृत्तीत दुसऱ्या डीजेच्या नावाची हाक आहे तिच्या शेऱ्यात ‘हाक’ असा शब्द रोमनमध्ये टाका. मिरवणुकीत ती खपून जाते. नवरीच्या एन्ट्रीला मात्र ती ऐकू आली तर यजमानांना ते आवडत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

हे सगळं एमपीथ्रीटॅग या टॅग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, आणि रेकॉर्डबॉक्समध्ये इम्पोर्ट करण्याआधी करा. नंतर बाहेरून टॅग बदलले तर रेकॉर्डबॉक्स जुनेच दाखवत राहतं. गाणी निवडून राइट क्लिक करून ‘रीलोड टॅग’ द्यावं लागतं. एमपीथ्रीटॅगमध्ये ‘अ‍ॅक्शन’ साठवता येतात: टायटल, अल्बम आणि शेऱ्यातून डाउनलोड साइटचं नाव काढणे, अंडरस्कोअरऐवजी मोकळी जागा, जोडून आलेल्या दोन मोकळ्या जागांची एक. शेवटी टॅगवरून फाइलचं नाव बनवून घ्या: आर्टिस्ट, डॅश, टायटल. एमपीथ्रीचे टॅग आयडी३ च्या २.३ आवृत्तीत जतन करा, जुन्या मशिनना ती सगळ्यात बिनचूक वाचता येते.

दुहेरी फाइली शोधायला ड्युपगुरू आहे. पण मेटाडेटा सारखा म्हणून फाइल सारखी, असं धरू नका. आधी कालावधी बघा. ४ मिनिटं १२ सेकंद आणि ४ मिनिटं ४२ सेकंद या दोन वेगळ्या आवृत्त्या असतात. बहुधा दुसऱ्यात मिक्स करण्यासाठी पुढे-मागे बीट जोडलेले असतात. ठेवायची ती फाइल जुन्या फाइलच्या सगळ्या प्लेलिस्टमध्ये घाला, आणि मगच जुनी डिस्कवरून काढा.

ग्रिड: आपल्या गाण्यांत कुठे चुकतं

कॉम्प्युटरवर रचलेल्या आजच्या गाण्यांचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) शेवटपर्यंत एकच असतो. तिथे फक्त पहिली मात्रा तपासायची. सॉफ्टवेअरचं अ‍ॅनालिसिस ठोके बरोबर पकडतं, पण ‘एक’ तिसऱ्यावर ठेवतं, किंवा ढोलकीच्या आघातामुळे ग्रिड अर्ध्या ठोक्याने सरकतं. गाणं जिथे भरून सुरू होतं त्या समेवर थांबा आणि ग्रिडची पहिली मात्रा तिथे आणा. दोन ठिकाणी पडताळा: सुरुवातीला आणि शेवटच्या कडव्यात. दोन्हीकडे जुळलं तर मधलंही जुळलेलं असतं.

जुनी गाणी वाद्यवृंदासमोर बसून वाजवलेली आहेत. कडव्यात लय थोडी चढते, मुखड्यावर येताना सैलावते. नॉर्मल अ‍ॅनालिसिस सरासरी बीपीएम काढून सरळ ग्रिड टाकतं, आणि मिनिटाभरात रेघ ठोक्याच्या पुढे-मागे जाते. अशी गाणी वेगळ्या यादीत घ्या आणि रेकॉर्डबॉक्सच्या अ‍ॅनालिसिस सेटिंगमध्ये डायनॅमिक निवडून पुन्हा अ‍ॅनालाइझ करा. तरीही जिथे जमत नाही, तिथे सिंकवर (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणाऱ्या बटणावर) विसंबू नका. शेऱ्यात तसं लिहा आणि ते गाणं मुखड्यावरून कट करून घ्या. नाचणाऱ्यांना स्वच्छ कट आवडतो, घसरलेला ब्लेंड (दोन गाणी एकावर एक वाजवणं) नाही.

तिसरा प्रकार आपल्या लायब्ररीत सगळ्यात जास्त त्रास देतो: सहा मात्रांची गाणी. अनेक कोळीगीतं, दादऱ्यातली भावगीतं, काही लावण्या. यात पाय ज्या ठोक्यावर पडतो तो तीन मात्रांनी एकदा येतो. अ‍ॅनालिसिसला चाराची सवय, त्यामुळे ते दोन-दोन मात्रांचा ठोका धरतं आणि बीपीएम दीडपट दाखवतं. पावलाची लय १०० असेल तर पडद्यावर १५०. दुप्पट-निमपटची बटणं इथे निरुपयोगी आहेत, कारण १५० चं निमपट ७५ होतं. दीडने भागून बीपीएम हाताने लिहा, किंवा गाणं ऐकत पावलावर टॅप करा, मग पहिली मात्रा समेवर ठेवा.

हे दुरुस्त केलं नाही तर लूपही (पुन्हा पुन्हा वाजवलेला तोच तुकडा) चुकतो. १५० च्या ग्रिडवर चार ठोक्यांचा लूप १.६ सेकंदांचा होतो, आणि पावलाचा ठोका ०.६ सेकंदांचा आहे. म्हणजे लूपमध्ये पावणेतीनच्या जरा आत पावलं बसतात आणि प्रत्येक फेरीला लय लंगडते. ग्रिड १०० वर आणलं की चारचा लूप बरोबर चार पावलांचा होतो. कार्यक्रमात ऐनवेळी असं चुकीचं ग्रिड सापडलं, तर तीन किंवा सहा ठोक्यांचा लूप लावा, तो लयीत बसतो.

हाताने लावलेलं ग्रिड झालं की त्या गाण्यावर अ‍ॅनालिसिस लॉक टाका. नाहीतर पुढच्या वेळी सगळी लायब्ररी निवडून अ‍ॅनालाइझ केली की मेहनत पुसली जाते.

सॉफ्टवेअर बदलताना आणखी एक गोष्ट होते. काही एमपीथ्रींमध्ये ग्रिड आणि क्यू एकजात २६ मिलिसेकंदांनी सरकलेले दिसतात. एमपीथ्रीची एक चौकट ११५२ नमुन्यांची असते, ४४.१ किलोहर्ट्झला तिची लांबी तेवढीच, आणि फाइलच्या सुरुवातीची पहिली चौकट काही सॉफ्टवेअर मोजतात, काही वगळतात. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा. २६ ची चूक दोन बास ड्रम एकावर एक ठेवले की लगेच कानाला कळते. ट्रॅक्टर या सॉफ्टवेअरमधून किंवा सेराटोतून रेकॉर्डबॉक्समध्ये येत असाल तर आधी वीसेक गाणी आणून बघा, मगच सगळी आणा.

की, म्हणजे गाण्याची पट्टी, तिच्याबद्दल थोडक्यात. कॅमेलॉट पद्धतीत प्रत्येक पट्टीला आकडा आणि अक्षर असतं; तिथे ८ए हा ७ए, ९ए आणि ८बी शी जुळतो. गायलेल्या गाण्यांचे ब्लेंड करताना याचा खरा उपयोग आहे. हलगी किंवा ढोल मिक्सवर आलेल्या की कडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारं बटण) बंद असताना ६ टक्के वेग वाढवला की स्वर अर्ध्या स्वराने चढतो आणि ८ए चं ३ए होतं, एवढं लक्षात ठेवा.

प्लेलिस्ट प्रसंगाच्या, जॉनरच्या नाहीत

रेकॉर्डबॉक्समध्ये माय टॅगचे (स्वतःच्या खुणांचे) चार रकाने मिळतात आणि त्यांची नावं बदलता येतात. पहिला प्रसंग: मेंदी, हळद, वरात, एन्ट्री, अक्षता, जेवण, संगीत, मिरवणूक. दुसरा प्रकार: कोळी, लावणी, भांगडा, गोंधळ, बॉलिवूड, हाउस. तिसरा कोणासाठी: आजी-आजोबा, मामा-काका, मित्रमंडळी, लहान मुलं. चौथा गाण्याचं वाद्य: ढोलकी, हलगी, संबळ, ताशा, ब्रास. मग इंटेलिजंट प्लेलिस्ट आपोआप भरतात: प्रसंग हळद, आणि कोळी, आणि चार तारे किंवा जास्त. सेराटोत हेच काम स्मार्ट क्रेट करतात, व्हर्च्युअल डीजेमध्ये फिल्टर फोल्डर.

तारे गाण्याच्या गुणवत्तेसाठी वापरू नका, जोरासाठी वापरा. एक तारा म्हणजे लोक जेवतायत, पाच म्हणजे मैदान भरलंय. वाईट गाणं लायब्ररीत नकोच. रंग भाषेसाठी ठेवा: मराठी, हिंदी, पंजाबी, दाक्षिणात्य, इंग्रजी. अंधारात नाव वाचण्याआधी रंग दिसतो.

दोन याद्या हाताने, क्रमाने बनवा. एक अक्षतांची. शेवटचं ‘सावधान’ झालं की वाजंत्री त्याच क्षणी वाजली पाहिजे. सनई-ताशाच्या ट्रॅकवर हॉट क्यू ए (बटण दाबताच गाणं जिथून वाजतं ती खूण) पहिल्या आघातावर, त्याआधीची शांतता एक सेकंदही नको, आणि तो ट्रॅक मंगलाष्टकं सुरू होतानाच दुसऱ्या डेकवर लोड केलेला. दुसरी शेवटच्या वीस मिनिटांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. पावणेदहाला कुठली गाणी, कुठल्या छोट्या एडिट, हे त्या वेळी शोधू नये. या यादीत अडीच मिनिटांहून लांब काही ठेवू नका.

हॉट क्यूंचा क्रम सगळ्या गाण्यांत एकच हवा. ए मिक्स करण्याची सुरुवात, बी मुखडा, सी सर्वात चढलेला भाग, डी बाहेर पडण्याची जागा. सीडीजे-२००० नेक्ससवर ए, बी, सी एवढेच मिळतात, म्हणून गरजेचे तीन पुढे. डी ची जागा मेमरी क्यू म्हणूनही साठवा.

पेनड्राइव्ह

एनटीएफएस कुठल्याच पायोनियर प्लेअरवर चालत नाही. सीडीजे-३००० एक्सफॅट वाचतं, पण जुनी मशिन वाचत नाहीत, म्हणून सगळीकडे चालेल असं फॅट३२ आणि एमबीआर विभागणी ठेवा. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ चा पर्याय दिसला नाही तर वेगळं मोफत फॉरमॅट सॉफ्टवेअर वापरा. ओपस-क्वाड, एक्सडीजे-एझेड यांसारखी नवी मशिन ‘डिव्हाइस लायब्ररी प्लस’ नावाची वेगळी यादी वाचतात. एक्सपोर्ट करताना तीही तयार झाली आहे ना, हे बघा; नसेल तर गाणी ड्राइव्हवर असूनही प्लेलिस्ट कोरी दिसते.

फाइल एक्सप्लोररमधून ओढून टाकलेली गाणी वाजतात, पण ग्रिड-क्यूशिवाय. एक्सपोर्ट रेकॉर्डबॉक्समधूनच करा. संपल्यावर तिथूनच इजेक्ट करा, आणि प्लेअरवरून काढताना यूएसबी स्टॉप दाबून धरा. लिहिणं चालू असताना ओढलेल्या पेनड्राइव्हचा डेटाबेस खराब होतो आणि मशिन तो ओळखतच नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे पेनड्राइव्ह घ्या, दोन्हींवर तीच गाणी, एक खिशात, एक बॅगेत.

लॅपटॉपवरच्या लायब्ररीचा बॅकअप रेकॉर्डबॉक्सच्या फाइल मेनूतल्या लायब्ररीखाली मिळतो. तो महिन्यातून एकदा आणि प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटच्या आधी घ्या. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर एकदा उतरवून बघितलेला असावा. न तपासलेल्या बॅकअपमध्ये बहुधा डेटाबेस असतो आणि गाणीच नसतात.

कार्यक्रमानंतर पेनड्राइव्हवरची हिस्टरी रेकॉर्डबॉक्समध्ये उघडा. वाजलेल्या गाण्यांचे तारे खरे होते का ते बघून बदला. जी फर्माईश सापडली नाही तिचे शब्द, लोकांनी उच्चारले तसेच, नव्या गाण्याच्या शेऱ्यात लिहा. आणि वर्षभर एकाही हिस्टरीत न आलेली गाणी पेनड्राइव्हवरून काढा. लॅपटॉपवर ती राहू द्या.